शब्दांचा सरवा

बुलढाणा,
पोळ्यानंतरचा रविवार

चि. छोटीस,


परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, रोज पन्नास शब्द पाठ करते आणि आठ दिवसांनी पाच राहतात. माझं डोकं असं काहून आहे?" मी काही बोलायच्या आत फोन कटला. घाटाखालून घाटावर आवाज पोहोचायला आजही तेवढीच यातायात पडते. बरंच झालं म्हणा, हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतंच.

तुझं डोकं ठीक आहे. पोळ्याला रोहिणखेडला आलो तेव्हा ओसरीच्या भिंतीवर तू चिकटवलेली यादी मी पाहिली. अबेट म्हणजे कमी होणे, अब्डिकेट म्हणजे त्याग करणे, अबेरंट म्हणजे विचलित. अशा ओळींवर ओळी, तारखा घालून, लाल पेनाने खुणा करून. माझ्या तरुणपणीही अशीच एक यादी होती आणि ती 'ए' ओलांडून कधी पुढे गेली नाही. त्यामुळे 'ए'चे शब्द मला आजही चांगले येतात.

एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने माणूस पाठ केलेलं किती वेगाने विसरतो हे स्वतःवर प्रयोग करून मोजलं आणि १८८५ साली छापलं. विसरण्याचा तो आलेख आजही शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत असतो. पण त्याने पाठ काय केलं होतं, हे सांगायचं लोक विसरतात. अर्थ नसलेली अक्षरं! मुद्दाम निरर्थक जोड्या बनवून त्याने घोकल्या होत्या. तुझ्या भिंतीवरची यादी तुझ्या दृष्टीने तशीच आहे. समोर एक मराठी शब्द लिहिला म्हणून अक्षरांत जीव येत नाही.

आता त्या यादीच्या खाली काय होतं ते आठव. खुंटीला जू टांगलेलं होतं. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी झाली, तुझ्या बाबांनी बैलांच्या खांद्याला लोणी-हळद चोळली, जिथे वर्षभर जू घासतं नेमकं तिथे. तू हातात वाटी धरून उभी होतीस आणि पुटपुटत होतीस, "सब्जुगेट, सब्जुगेट, अंकित करणे." मला हसू आलं होतं, पण तेव्हा बोललो नाही. अगं, तो शब्द तुझ्या समोर बैलाच्या खांद्यावर होता.

आपलं जू आलं संस्कृत 'युग'वरून. लॅटिनमध्ये त्याच वस्तूला 'युगुम' म्हणतात, इंग्रजीत 'योक'. तिन्ही शब्द एका घरातले. 'सब' म्हणजे खाली. सब्जुगेट म्हणजे जुवाखाली आणणं. रोमन लोक हे अक्षरशः करत. दोन भाले जमिनीत रोवायचे, तिसरा त्यांवर आडवा बांधायचा आणि हरलेल्या सैनिकांना त्याच्याखालून वाकून जायला लावायचं. एवढं एकदा डोळ्यांपुढे आलं की 'अंकित करणे' पाठ करायची गरज उरत नाही. शिवाय तेच जू धरून पुढे जाता येतं. 'कॉन्जुगल' म्हणजे एका जुवाला जोडलेल्या दोघांचं, म्हणजे नवरा-बायकोचं. आपण नाही का बैलांनाही जोडी म्हणत आणि नवरा-बायकोलाही! 'जंक्शन', 'कन्जंक्शन', सगळी तीच जोडणी. एक जू ओळखलंस तर पाच-सहा शब्द मागून आपल्या पायांनी येतात.

असंच 'रायव्हल'. हा तुला येतो, प्रतिस्पर्धी. सोपा म्हणून तू त्याच्याकडे बघितलंही नसशील. लॅटिनमध्ये 'रिव्हुस' म्हणजे ओढा. एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे दोघे शेतकरी ते 'रिव्हालिस'. सामाईक विहिरीच्या पाळीवरून तुमच्या धुऱ्यावर जे काही दरवर्षी होतं, त्यावर मी पत्रात अधिक लिहीत नाही. तुझ्या बाबांना हा अर्थ सांग, ते म्हणतील, इंग्रजांना हे आधीपासून माहीत होतं तर!

'ग्लीन' हा शब्द तुझ्या यादीत 'माहिती गोळा करणे' असा लिहिलेला आहे. चूक नाही, पण फिका आहे. ग्लीन म्हणजे सरवा वेचणं. पीक काढून नेल्यावर रानात जी कणसं, ज्या शेंगा पडून राहतात त्या एकेक करून वेचायच्या, तो सरवा. म्हणून इकडून-तिकडून, थोडी थोडी, कष्टाने जमवलेल्या माहितीलाच हे क्रियापद शोभतं. कार्यालयात अर्ज देऊन एकदम हातात आलेल्या माहितीला ग्लीन लावलं तर ते मळणीयंत्रातून पडणाऱ्या धान्याच्या राशीला सरवा म्हणण्यासारखं होईल. तुझी आजी लहानपणी सरव्याला जायची. इंग्रजी न शिकलेल्या त्या बाईला या शब्दाची नेमकी छटा तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळेल.

आणि 'डिलीरियम'! तापात माणूस बरळतो ती अवस्था. मूळ लॅटिन 'लिरा', म्हणजे नांगराच्या तासाची रेघ. 'डी' म्हणजे तिच्यापासून दूर. डवरणीत बैल तास सोडून पिकात शिरला की तुझे बाबा जे ओरडतात, तेच रोमन शेतकरी ओरडत असणार. तास सुटलेलं मन म्हणजे डिलीरियम. 'ब्रॉडकास्ट' हा शब्द रेडिओच्या आधी बियाणं हाताने फोकून पेरण्यासाठी होता. 'डिसेमिनेट'मध्ये बी आहे, 'इरॅडिकेट'मध्ये मूळ आहे, मुळासकट उपटणं. 'रूमिनेट' म्हणजे रवंथ. 'पिक्युनिअरी' म्हणजे पैशासंबंधी, त्यात लॅटिन 'पेकुस' आहे, जनावरं, आणि हा पेकुस आपल्या 'पशु'चा सख्खा नातेवाईक. ज्याच्या गोठ्यात काही नाही तो 'इम्पिक्युनिअस', कफल्लक. पशुधन हा शब्द आपल्याकडे पशुवैद्यकीय दवाखान्याच्या पाटीवर असतो, म्हणून तो जुना वाटत नाही एवढंच.

सगळी इंग्रजी शेतातून आली असं मी म्हणत नाही. दर्यावर्दी लोकांकडून, चर्चमधून, कोर्टातून, फ्रेंच दरबारातून, अरबी गणितातून, कुठून कुठून शब्द आले. पण शेताचे शब्द तुझ्या अंगणात पडलेले आहेत आणि तू त्यांना ओलांडून रोज भिंतीकडे तोंड करून बसतेस, हे मला बघवलं नाही.

एक सावधगिरी मात्र ठेव. असं नातं दिसायला लागलं की माणूस वेडावतो. मोबाइलवर तो संदेश फिरतो ना, की 'नेव्हिगेशन' हे आपल्या 'नवगती'वरून आलं? थाप आहे. त्यातला 'नाव्हिस' म्हणजे जहाज, आणि तो आपल्या 'नौ'चा भाऊबंद आहे हे खरं, पण शेवटच्या 'गेशन'चा आपल्या गतीशी काडीचा संबंध नाही. लॅटिन आणि संस्कृत या बहिणी आहेत, मायलेकी नाहीत. डेन्टल-दंत, ऑक्टोबरमधला ऑक्टो आणि अष्ट, मॅटर्नल-मातृ, इग्नाइट-अग्नी, मॉर्टल-मृत, असं बहिणींच्या चेहऱ्यांतलं साम्य अनेक ठिकाणी दिसेल. पण दिसलं की आधी शब्दकोशात खात्री करायची.

क्लासवाल्यांच्या युक्त्यांबद्दलही तेच. मागे तू मला एक सांगितलीस, 'बनाल' म्हणजे 'बनेल' समजायचं आणि लक्षात ठेवायचं. बनेल माणूस धूर्त असतो. बनाल गोष्ट धूर्त नसते, ती शिळी, सरधोपट, शंभरदा ऐकलेली असते. जुन्या फ्रान्समध्ये जहागिरीतल्या सगळ्या कुळांना जमीनदाराचीच गिरणी आणि त्याचीच भट्टी वापरावी लागे, तिला बनाल म्हणत. सगळ्यांची म्हणून सामान्य, आणि सामान्य म्हणून कंटाळवाणी, असा तो शब्द घसरत आला. गावातल्या पिठाच्या गिरणीवर उभं राहून रोज कानावर पडणारे तेच ते विनोद आठव, बनाल कायमचा येईल. चुकीची युक्ती परीक्षेत एक मार्क घालवते, पण डोक्यात वर्षानुवर्षं बसून राहते.

माझंच बघ. हे तुझ्या आईलाही माहीत नाही. १९९२ साली एका संस्थेत मुलाखतीला गेलो होतो. अर्जात छाप पडावी म्हणून लिहिलं होतं, मी 'इग्रीजिअस' विद्यार्थी होतो. जुन्या, पिवळ्या पानांच्या कोशात अर्थ सापडला होता, असामान्य, उठून दिसणारा. समोरच्या गृहस्थांनी ते वाक्य एकदा मनात वाचलं, एकदा मोठ्याने वाचलं आणि शेजारच्याकडे कागद सरकवला. मग तिघेही हसले. नोकरी मिळाली नाही हे वेगळं सांगायला नको. इग्रीजिअसचा मूळ अर्थ कळपातून बाहेर उठून दिसणारा, 'ग्रेक्स' म्हणजे कळप, त्याच कळपातले 'काँग्रिगेट' आणि 'ग्रिगेरिअस'. कधीकाळी ती स्तुतीच होती. पण उपरोधाने वापरता वापरता शब्द उलटला आणि आज त्याचा अर्थ उरला डोळ्यांत खुपेल इतका वाईट. आपल्याकडे 'दिवटा'चं हेच झालं. दिवटी म्हणजे मशाल, पण कुणी आपल्या मुलाला 'आमचे दिवटे चिरंजीव' म्हटलं की मुलाने काय उजेड पाडला ते वेगळं विचारावं लागत नाही. मी अर्जात स्वतःला इंग्रजीतला दिवटा म्हणवून घेतलं होतं.

त्या दिवसानंतर मी शब्दाचा अर्थ शोधणं कमी केलं आणि त्याची संगत बघायला लागलो. मराठीत तू हे न शिकता करतेस. चोर अट्टल असतो, दारुडा अट्टल असतो, डॉक्टर मात्र निष्णात असतो. पोहणारा पट्टीचा, गवई कसलेला. 'अट्टल डॉक्टर' असं कुणी म्हणालं तर तू हसशील, आणि हा नियम तुला कुणी शिकवलेला नाही. इंग्रजीत 'इन्व्हेटरेट' हा असाच अट्टल आहे. तो 'लायर'शी, 'गॅम्ब्लर'शी, 'स्मोकर'शी जमतो, 'सर्जन'शी जमत नाही. पाऊस तिकडे 'हेवी' पडतो, 'स्ट्राँग' पडत नाही, स्ट्राँग चहा असतो. म्हणून वहीत शब्द एकटा लिहू नकोस, त्याच्या सोबत्यासकट लिही. एका पानावर एक शब्द. वर सोबती, खाली रोहिणखेडमधलं, तू स्वतः पाहिलेलं एक वाक्य. पुस्तकातलं वाक्य उतरवायचं नाही. कागद जास्त लागेल, लागू दे.

याला कोश पाहिजे तो ऑक्सफर्डचा, शिकणाऱ्यांसाठीचा. तो हॉर्नबी नावाच्या मास्तराने जपानमधल्या मुलांना शिकवता शिकवता केला. १९४२ साली तो आधी जपानमध्येच निघाला आणि १९४८मध्ये ऑक्सफर्डने काढला. परक्या मुलाला कुठे अडतं हे त्याला रोज वर्गात दिसत होतं, म्हणून शब्द वाक्यात कसा बसतो हे तो सांगतो. दुसरा कोश उलट्या बाजूचा, मोल्सवर्थचा. १८३१ साली पहिला निघाला, १८५७मध्ये वाढवून दुसरा. मराठी पंडितांना हाताशी धरून केलेला हा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर फुकट ठेवला आहे. त्यात तुझ्या घरातले शब्द शोध, वखर, धुरा, सरवा, आणि मोल्सवर्थ ते इंग्रजीत कसे समजावतो ते बघ. त्याच्यासारखी घट्ट, मोजकी इंग्रजी व्याख्या मला फार थोड्या पुस्तकांत भेटली. नॉर्मन लुईसचं १९४९चं 'वर्ड पॉवर मेड ईझी' तुझ्याकडे आहेच. ते धातूंवरून शिकवतं, पण त्यातले प्रश्न सोडवून मार्क मोजत बसायचा नाद करू नकोस.

किती शब्द, असं तू विचारशीलच. क्लासने दिलेल्या साडेतीन हजारांचा धसका घेऊ नकोस. न्यूझीलंडमधल्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड या बाईंनी २००० साली निरनिराळ्या विषयांच्या अभ्यासाच्या लेखनातून एक यादी काढली, ५७० शब्दकुटुंबांची. नेहमीचे दोन हजार शब्द येत असतील तर त्यांच्यावर ही ५७० कुटुंबं पुष्कळ होतात, कारण गंभीर लेखनातला साधारण दहावा शब्द त्यांतला असतो. तुला आतापर्यंत त्यांतले निम्मे तरी भेटले असतील. हे आधी, मग परीक्षेपुरते दुर्मीळ. आठवड्याला वीस पानं भरली तरी मला समाधान आहे. शनिवारी जुनी पानं उलटायची. जी आठवली ती वहीच्या मागच्या बाजूला, जी अडली ती पुन्हा पुढे.

आणि मराठी माध्यमाचं जे रडगाणं तू गातेस ना, ते बंद कर. मी पाचवीत एबीसीडी गिरवली. तुझ्या वेळेपर्यंत इंग्रजी पहिलीपासून होती, राज्याने २०००पासून ती तशी केली. ते सोड, मला सांगायचं आहे ते दुसरंच. 'क्वाड्रुपेड' म्हणजे काय हे इंग्रजी शाळेतल्या मुलाला पाठ करावं लागतं. तू शाळेत 'चतुष्पाद' शिकलीस, चार आणि पाय तुला त्यातच दिसतात, आणि क्वाड्रुपेडचे दोन्ही तुकडे त्याच चार आणि त्याच पायाचे आहेत. लोणारच्या सरोवराचं पाणी २०२०च्या जूनमध्ये गुलाबी झालं तेव्हा पेपरात 'हॅलोफिलिक' जीवाणूंसारख्या सूक्ष्मजीवांचं नाव आलं. मराठी शास्त्रात त्यांना 'लवणप्रिय' म्हणता येतं, हॅलो म्हणजे मीठ, फिल म्हणजे प्रिय. आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या ज्या अवघड परिभाषेची आपण टिंगल करत आलो, तिने शब्द फोडून बघायची सवय आपल्याला फुकट लावली आहे.

एक दोष मात्र आपला आहे, तो सांगतो. आपण इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून शिकतो. उच्चार येतो, पण आघात कुठे द्यायचा ते लिपीत उमटत नाही. फोटोग्राफमध्ये जोर पहिल्या अक्षरावर, फोटोग्राफरमध्ये दुसऱ्यावर. मुलाखतीत तेवढ्यावरून माणूस ओळखू येतो. मोबाइलमधल्या कोशात उच्चार ऐकायची सोय असते. ऐक आणि जोराच्या अक्षराखाली रेघ मार.

आता अभ्यास देतो. आठवड्याभरात रोहिणखेडच्या लढाईवर इंग्रजीत वीस ओळी लिहून पाठव. गोष्ट तुला ठाऊक आहे, तरी सांगतो. अहमदनगरच्या गादीवर जमालखानाने इस्माईल या पोराला बसवलं आणि कारभार आपल्या हातात ठेवला. पोराचा बाप बुऱ्हाण तेव्हा परागंदा होऊन अकबराच्या आश्रयाला होता. तो खानदेशच्या राजा अलीखानाची मदत घेऊन उतरला, आणि १५९०-९१च्या सुमारास तुमच्या गावाशी लढाई होऊन जमालखान मारला गेला. बापाने मुलाला उतरवून गादी घेतली. 'युझर्प', 'एक्झाइल', 'डिपोझ' हे तिन्ही शब्द तुझ्या यादीत आहेत आणि या एका गोष्टीत तिघांनाही काम मिळतं. डिपोझचा धातू खाली ठेवण्याचा आहे, त्यातूनच बँकेतलं डिपॉझिट. कोर्टात साक्षीदाराने साक्ष दिली तरी डिपोझच म्हणतात. कुठला अर्थ कुठे, ते संगतीवरून ठरव.

लिहायच्या आधी १५८२ सालच्या मशिदीपर्यंत चालत जा. खुदावंतखान महदवीने बांधलेली ती मशीद परदेशी माणसं नकाशात शोधतात आणि आपण तिच्यावरून सायकल दामटत जातो. 'डिलॅपिडेटेड' हा शब्द तुला कधीचा वापरायचा आहे, मला माहीत आहे. त्यात 'लापिस' म्हणजे दगड आहे, दगड विखुरल्यासारखी दशा. भिंतीचे दगड जागेवर असतील तर तो शब्द लिहू नकोस, निखळले असतील तरच लिही. आणि वीस ओळींत मोठे शब्द पाचच. बाकी सगळे आठवी-नववीतले हवेत. सहावा दिसला तर मी लाल पेनाने खोडीन.

भाऊजींना नमस्कार. कापसाला पहिली वेचणी कधी धरता ते कळवायला सांग, तेव्हा दोन दिवस येईन. यादी भिंतीवरून काढ, खळ लावून चिकटवलीस तिथला चुना निघेल म्हणून आई ओरडत होती. आजीला शेजारी बसवून सरव्याचे शब्द विचार, कशाला काय म्हणायचे, कोण आधी वेचायचं, किती मिळायचं, आणि ते मराठीतच लिहून वीस ओळींबरोबर पाठव. ते पान मला आधी वाचायचं आहे.

तुझा,
मामा